विश्लेषण : लायनर नवे, तरी हॅण्डब्रेक ढिला का?

मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर बदलून गाडी गॅरेजमधून आली की आपण बिल पाहतो, पायाचा ब्रेक एकदा दाबतो आणि निर्धास्त होतो. हॅण्डब्रेकची आठवण होते ती सोसायटीच्या उतारावर किंवा घाटात गाडी उभी करताना. दांडा पार वर येतो, तरी गाडी हळूच सरकते. गॅरेजवाल्याचे उत्तर ठरलेले, ‘केबल थोडी ताणून देतो.’ बहुतेक वेळा हे उत्तर अर्धवट असते, आणि ग्राहकाने ते मुकाट्याने स्वीकारू नये.

केबल ताणण्यात चूक काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींना मागे ड्रम ब्रेक असतात. पायाचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने आतले दोन शू फाकतात आणि ड्रमला घट्ट चिकटतात. हॅण्डब्रेक तेच शू केबलने फाकवतो. म्हणजे शू आणि ड्रम यांच्यातील फट हाच दोन्ही ब्रेकचा पाया. लायनर झिजून ती वाढते, तेव्हा आतला ॲडजस्टर ती आपोआप कमी करतो. पण धूळ-गंजाने तो अडकला की दांडा वर येऊ लागतो. दुखणे ड्रममध्ये आणि उपचार केबलवर, असे इथेच सुरू होते.

नवे लायनर बसवल्यावर काय बिघडते?

दोन गोष्टी होऊ शकतात. झिजलेल्या लायनरसाठी ताणलेली केबल तशीच राहिली, तर नवे जाड लायनर ड्रमला सतत घासतात. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त जाते, ड्रम तापतो. घाट उतरताना मुळातच तापणाऱ्या ब्रेकची पकड यामुळे आणखी कमी होते. शिवाय केबल ताणलेली असली की शू आपल्या मूळ जागी परतत नाहीत. त्यामुळे अनेक गाड्यांत ॲडजस्टरचे कामही बिघडते. दुसरी शक्यता उलटी. ड्रम बसावा म्हणून केबल ढिली केली जाते आणि नंतर ती जुळवायची राहून जाते.

योग्य क्रम कोणता?

आधी शू, मग केबल. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा, हॅण्डब्रेक पूर्ण सोडायचा, केबलचा नट ढिला करायचा. मग ड्रम मोकळा फिरेल, पण जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत शू जुळवायचे. सगळे बसवल्यावर पायाचा ब्रेक अनेकदा दाबायचा, म्हणजे शू जागेवर बसतात. केबलची पाळी यानंतरची. दांडा किती ‘क्लिक’वर यावा हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढ्यावर दोन्ही चाके सारखी धरली पाहिजेत आणि दांडा सोडताच हाताने सहज फिरली पाहिजेत. नवे लायनर ड्रमशी जुळायला थोडे अंतर जावे लागते. म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासणी हवी.

मागे डिस्क ब्रेक आणि बटणाचा हॅण्डब्रेक असलेल्या गाड्यांत केबलचा हा हिशेब बहुधा नसतो. तिथे पॅड बदलण्याआधी मोटर दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते. जोर लावून पिस्टन मागे ढकलला तर यंत्रणाच निकामी होऊ शकते.

‘गिअरमध्ये उभी करतो’ हे पुरेसे नाही?

गिअर हा जोडीला घेतलेला आधार आहे, हॅण्डब्रेकला पर्याय नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमावलीनुसार पूर्ण भरलेली मोटार २० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटरला २० मीटर उंची बदलणाऱ्या रस्त्यावर, हॅण्डब्रेकच्या बळावर उभी राहिली पाहिजे. आपल्या मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ सांगते की चालक आसनावर नसताना गाडी आपोआप हलणार नाही, याची काळजी घेतलेली असली पाहिजे. गाडी सरकली तर ‘गॅरेजवाल्याने नीट केले नव्हते’ हे उत्तर मागे उभ्या असलेल्या मुलाच्या काही कामाचे नसते.

ग्राहकाने काय करावे?

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दोन गोष्टी मागाव्यात. एक, जॅकवर असतानाच हॅण्डब्रेक सोडून मागची चाके फिरवून दाखवा. दोन, जवळच्या मोकळ्या उतारावर चाचणी. गाडी न्यूट्रल करून हॅण्डब्रेक ओढा आणि पायाच्या ब्रेकवरचा पाय सावकाश उचला. पाय मात्र पेडलजवळच ठेवा. घरी पोहोचल्यावर मागच्या चाकांजवळ जळका वास येतो का, हेही पाहा. वास आला तर गाडी परत न्या.

यासाठी लागतात जेमतेम १५ मिनिटे. लायनर बदलण्याच्या मजुरीतच हॅण्डब्रेक जुळवणे धरलेले असावे आणि बिलावर तसे लिहिलेले असावे. गॅरेजवाले हे आपणहून करत नसतील, तर मागणी आपणच करायला हवी.