बासरीवाल्यांना बाहेर काढा



मागच्या महिन्यात आमच्या पॅरिशमध्ये पालकांची सभा झाली. विषय होता ‘मोबाईल, सिनेमा आणि आपली मुलं’. दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील आले होते, पॅरिश कौन्सिलचे काही सभासदही होते. ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही इंग्रजी मालिका बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर पाहिली होती. तेरा वर्षांचा मुलगा शाळेतल्या मुलीचा खून करतो, ही गोष्ट सगळ्यांच्या मनात ठसली होती. एक सभासद उठून म्हणाले, “असे आपल्यातही आहेत. डोक्यावर टोपी ओढून मागच्या बाकावर बसतो, कानात इअरफोन, कुणाशी बोलणं नाही. नाव घ्यायला नको, सगळ्यांना माहीत आहे.”

सगळ्यांना माहीत होतं. माना डोलल्या. मी त्या मुलाला दोन वर्षं धर्मशिक्षण देतो आहे. त्या खोलीत त्याला सर्वांत जास्त ओळखणारा माणूस मी होतो, आणि मी गप्प बसलो.

अशी गोष्ट पॅरिशमध्ये लपत नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चौथ्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, “तो बाहेर यायलाच तयार नाही बघा, सर.” शेवटी तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मी काय केलं?”

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहितो आहे.

त्याने काहीच केलं नव्हतं. आम्हीच त्याच्यात एक पात्र पाहिलं होतं. टोपी, इअरफोन, मागचा बाक, मौन, या खुणा आम्ही पडद्यावर शिकलो आणि एका जिवंत मुलाला चिकटवल्या. सभेतला आरोप होता की पडदा मुलांना बिघडवतो. माझा आरोप असा की पडद्याने आधी आपल्याला बिघडवलं आहे. मुलांकडे पाहायची आपली नजर त्याने घडवली, आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही.

हे कसं होतं ते नीट पाहू.

पहिली गोष्ट, पडद्यावरचं कोवळं वय बहुतेक वेळा कोवळं नसतंच. १९७८ च्या ‘ग्रीस’ या गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात शाळकरी मुलींच्या भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि स्टॉकर्ड चॅनिंग तेहतीस. ‘रेबेल विदाउट अ कॉज’मधला बंडखोर विद्यार्थी जेम्स डीन चोवीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या मालिकांतली कॉलेजकुमारंही पाहा. नितळ त्वचा, पूर्ण फुटलेला आवाज, तयार उत्तरं. मग आपल्या घरातलं चौदा वर्षांचं पोर, ज्याचे हात शरीराच्या मानाने लांब झाले आहेत, आवाज मध्येच चिरकतो आहे आणि ज्याला मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत, ते आपल्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. ते फक्त चौदा वर्षांचं असतं.

दुसरी गोष्ट संकलनाची. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता. कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. चेहरा तोच असून प्रेक्षकांना कधी त्यात भूक दिसली, कधी शोक. मी हा प्रयोग आमच्या रविवारच्या वर्गात मोबाईलवर करून पाहिला. नववीतल्या एका मुलीचा साधा चेहरा दहा सेकंद टिपला. एकदा त्याला वाढदिवसाचा केक जोडला, एकदा फुटलेला ग्लास, एकदा मेसेज आलेला फोन. मिस्सानंतर चार आयांना दाखवला. केक पाहून म्हणाल्या, खूश आहे. ग्लास पाहून म्हणाल्या, हिनेच फोडला. फोन पाहून म्हणाल्या, ही काहीतरी लपवते आहे. मुलगी हसत म्हणाली, “मी तर घड्याळाकडे बघत होते, सर. भूक लागली होती.”

सगळे हसले. मला मात्र ती सभा आठवली. आम्हीही एक गप्प चेहरा घेतला आणि त्याला मालिकेतला खून जोडला.

तिसरी गोष्ट पार्श्वसंगीत. मालिकेत मुलगी दार लावून खोलीत जाते आणि खालून एक जड सूर सुरू होतो. दार बंद होण्यात काय आहे? पण सूर सांगतो की काहीतरी वाईट चाललं आहे. मग आईच्या चेहऱ्याचा क्लोज-अप, तोच पुन्हा दोन कोनांतून, आणि विजेचा कडकडाट. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी हे पाहिल्यावर आपल्या घरातलं दार बंद झालं की सूर आपल्या डोक्यातच वाजू लागतो. त्यासाठी टीव्ही चालू असावा लागत नाही.

अशा तंत्राने पडद्यावर प्रामुख्याने दोनच प्रकारची किशोरवयीन मुलं तयार होतात. एक धोक्याची आणि एक देखाव्याची. एकाला अंधारात, खालून प्रकाश टाकून दाखवायचं, दुसरीला स्लो मोशनमध्ये केस उडवत पळवायचं. दोन्हींत मुलाच्या जागेवरून कुणी पाहत नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तरांचा सिनेमावरच राग आहे. तसं नाही. चांगल्या कलावंतांनी हीच तंत्रं उलटी फिरवली आहेत, आणि आपण ती पाहूनही पाहिली नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

‘सैराट’ घ्या. २०१६ साली बेळगावातही आपण सगळ्यांनी पाहिला. किती घरांत बोललं गेलं की या सिनेमाने पोरं बिघडली! त्याची गाणी आपल्याच लग्नांत वाजली, हे सोयीने विसरलो. पहिल्या भागात स्लो मोशन आहे, मोठा वाद्यवृंद आहे, सगळं डोळ्यांना सुखावणारं. मग गोष्ट हैदराबादच्या झोपडपट्टीत जाते, झगमगाट ओसरतो. आणि शेवटी दिग्दर्शक आवाजच काढून घेतो. रक्तात भरलेली चिमुकली पावलं आणि ऐकू न येणारं रडणं. मुलांना कुणी मारलं? घरच्या मोठ्यांनी. कुटुंबाची अब्रू जपणाऱ्यांनी. ती शांतता आपल्यासाठी होती. आपण मात्र सिनेमागृहाबाहेर येऊन मुलांनाच उपदेश केला.

नागराज मंजुळे यांचाच आधीचा ‘फॅन्ड्री’. जब्याचं कुटुंब डुक्कर पकडतं आहे आणि गाव कडेला बसून तमाशा पाहत हसतं आहे. आपणही खुर्चीत बसून तेच पाहत असतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्या तोंडावर येतो. पाहणाऱ्यालाच जाब विचारणारा असा शेवट मराठीत क्वचितच झाला असेल.

फ्रान्समध्ये १९५९ साली फ्रान्स्वा त्रुफो यांनी ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ केला. त्यात सुधारगृहातला मुलगा मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रश्नांना उत्तरं देतो. बाईंचा फक्त आवाज येतो, पडद्यावर मुलगा एकटाच. त्याला अडवणारा, तोंडाचा चंबू करणारा मोठ्या माणसाचा चेहरा मध्ये येतच नाही. आपल्या घरात, आपल्या वर्गात मुलाला इतकं सलग बोलायला कधी मिळतं?

आणि आता ती ‘अ‍ॅडोलेसन्स’, जिच्या आधारे आम्ही एका मुलाला आरोपी केलं. २०२५ ची ही मालिका चार भागांची. प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणात घेतला आहे, मध्ये एकही काट नाही. तिसऱ्या भागात तो मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई एका खोलीत बसतात. बाई त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणतात. तो हसतो, थट्टा करतो, मग अचानक ओरडतो, अंगावर धावून येतो, मग पुन्हा लहान मूल होतो. काट नसल्यामुळे ‘निरागस’ एका खणात आणि ‘राक्षस’ दुसऱ्या खणात असं ठेवता येत नाही. पाहणाऱ्याला त्याच्यासोबत बसावंच लागतं.

मालिकेतला मुलगा साध्या घरातला आहे. आईवडील प्रेमळ, कष्टाळू. मुलगा आपल्या खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे मालिका सांगते की वरवरच्या खुणांवरून ओळखता येत नाही. आमच्या सभेने काय ठरवलं? ओळखलं!

एक उणीवही सांगायला हवी. मारल्या गेलेल्या मुलीला त्या चार तासांत फारशी जागा नाही. मालिकेतलीच एक पोलीस अधिकारी तशी खंत बोलून दाखवते. आमच्या दोन तासांच्या सभेतही मुलगे बिघडण्याची भीती भरपूर होती. आमच्या मुलींना शाळेच्या वाटेवर आणि फोनवर काय सोसावं लागतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

“पण धोका खरा आहे ना?” असं तुम्ही विचाराल. खरा आहे. रात्री दोनला फोनवर काय काय पोचतं, ते मला माहीत आहे. माझ्या घरात रात्री दहानंतर सगळे फोन, माझ्यासकट, हॉलमध्ये राहतात. बंधन घालायला माझा विरोध नाही. पण बंधन आपल्या मुलाला घालतात आणि पाळत संशयितावर ठेवतात. मुलाला हा फरक बरोबर कळतो. त्या श्रीमंत तरुणाला प्रभूने सर्वांत कठीण गोष्ट सांगितली, आहे ते सगळं विकून टाकायला. पण संत मार्क लिहितात की त्याआधी येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. आपण कठीण गोष्ट आधी सांगतो आणि प्रीती वर्तणूक सुधारण्यावर राखून ठेवतो.

चर्चही यातून सुटलेलं नाही. संत कार्लो अ‍ॅक्युटिस पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत घोषित झाला. जीन्स घालणारा, व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा. त्याच्यावरचे जे छोटे व्हिडिओ आपण ग्रुपवर फिरवतो त्यांत काय असतं? गोड संगीत, चेहऱ्यामागे सोनेरी प्रकाश, आणि खाली आपल्या मुलांना टोमणा मारणारी एक ओळ. एका खऱ्या मुलाचा आपण आदर्श देखावा केला आणि तो दुसऱ्या खऱ्या मुलांच्या डोक्यात हाणला.

आता शुभवर्तमान उघडा. याईराची मुलगी बारा वर्षांची. प्रभू घरी पोचतो तेव्हा निकाल लागलेला असतो. लोक आक्रोश करत आहेत, आणि संत मत्तय सांगतात की बासरी वाजवणारेही आले आहेत. म्हणजे पार्श्वसंगीत सुरू झालं आहे. मुलगी मेली, असं सगळ्या घराने ठरवलं आहे. प्रभू म्हणतो, ती झोपली आहे. लोक त्याला हसतात. तेव्हा तो पहिली गोष्ट करतो ती ही, की त्या सगळ्यांना बाहेर काढतो. आत आईवडिलांना घेतो आणि तीन शिष्यांना. मुलीचा हात धरतो, तिच्याशीच बोलतो. ती उठते. मग तिला उपदेश करत नाही. तिला काहीतरी खायला द्या, असं सांगतो.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीलाही भूकच लागली होती.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात आहे. मुलांसोबत बसून पाहा. एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग आवाजासकट, आणि मुलांना विचारा की फरक कशाने पडला. कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे ते त्यांना शोधू द्या. ती आपल्यापेक्षा लवकर शोधतात, हा माझा अनुभव आहे. आणि पॅरिशच्या कुठल्याही सभेत, हजर नसलेल्या मुलाच्या स्वभावाची चर्चा नको. नाव न घेता तर मुळीच नको.

पुढच्या सभेत मी उभा राहून माझं त्या दिवशीचं मौन मागे घेणार आहे. कुणाला राग आला तरी चालेल. त्याआधी त्या घरी पुन्हा जाणार आहे. “तू काही केलं नाहीस, चूक आमची होती,” एवढं एकच वाक्य सांगायचं आहे. तो वर्गात परत येईल की नाही, ठाऊक नाही. दृढीकरणाला अजून वेळ आहे.

हे प्रभू, आमच्या कानांतला गोंगाट बंद कर. आमच्या मुलांकडे तू पाहतोस तसं पाहायला आम्हांला शिकव. आणि ज्याला आम्ही दाराबाहेर केलं त्याच्या दाराशी जायला आम्हांला पाय दे. आमेन.