सही कुणाची, दर कशाचा

वडोदऱ्यातले लॅबवाले एकत्र जमले की गेली दोन-तीन वर्षे बोलणे नोंदणीवरच येते. २०२१ मध्ये गुजरातने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्सच्या नोंदणी आणि नियमनाचा स्वतःचा कायदा केला, २०२२ मध्ये त्याचे नियम आले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून मुदत १२ मार्च २०२५ पर्यंत वाढवली. कागद कोणते जोडायचे, फायर एनओसीचे काय, बायोमेडिकल वेस्टचा करार कुणाशी, जबाबदार व्यक्ती म्हणून नाव कुणाचे घालायचे, यात सगळ्यांचा वेळ गेला. ते साहजिकही आहे. पण लॅब एकदा सरकारच्या यादीत आली की सरकार पुढचा प्रश्न विचारणार आणि तो दरांचा असणार, असे आम्हांला वाटते. त्याची तयारी आपल्यात कुणीच केलेली दिसत नाही.

केंद्राचा २०१० चा कायदा गुजरातने स्वीकारला नाही, महाराष्ट्रानेही नाही. त्यामुळे त्या कायद्याच्या २०१२ च्या नियमांकडे आपण परक्यासारखे पाहतो. त्यातला नववा नियम मात्र प्रत्येक पॅथॉलॉजिस्टने वाचावा. प्रत्येक सेवेचा दर रुग्णाला दिसेल असा लावायचा, आणि तो दर केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करून ठरवलेल्या मर्यादेत ठेवायचा, असे तो सांगतो. पहिला भाग काही ठिकाणी पाळला गेला, दुसरा वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला यावरून खडसावले. दर ठरवा, नाहीतर तोवर सीजीएचएसचे दर लागू करण्याचा विचार आम्हांला करावा लागेल, असा इशाराच दिला. दिल्लीत एकदा असे काही ठरले की राज्ये फार काळ वेगळी राहत नाहीत.

दर ठरवले गेले की काय होते, हे आपण कोविडच्या काळात पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरटी-पीसीआरची कमाल किंमत ४,५०० रुपये ठेवली. गुजरातमध्ये ती जूनमध्ये २,५००, सप्टेंबरमध्ये १,५००, डिसेंबरमध्ये ८००, एप्रिल २०२१ मध्ये ७०० आणि त्या वर्षअखेरीस ४०० झाली. महाराष्ट्रात जून २०२० ला २,२०० पासून सुरुवात होऊन मार्च २०२१ च्या शेवटी ५०० आणि डिसेंबरात ३५० पर्यंत ती उतरली. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची सीमा जाते, प्लॅटफॉर्मचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्या स्थानकाच्या एका टोकाला या चाचणीचा दर ५०० होता, दुसऱ्या टोकाला ७००.

दर उतरला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच वाक्य यायचे: ‘आता परवडणारच नाही.’ आणि चाचण्या चालूच राहायच्या. यातून लोकांनी एकच अर्थ काढला, की आधीचा दर लुबाडणुकीचा होता. वस्तुस्थिती तशी नव्हती. सुरुवातीला किट आयात होत होते. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबचे किट मंजूर झाले, एका चाचणीमागे सुमारे १,२०० रुपयांत. पाठोपाठ इतर देशी कंपन्या आल्या, नमुन्यांची संख्या वाढली, एका रनमध्ये मशीन पूर्ण भरू लागले आणि खर्च खरोखरच खाली आला. खर्च का आणि किती उतरला, हे आकड्यांत मांडण्याचे काम आपले होते. आपण निषेधाचे निवेदन दिले, हिशेब दिला नाही. हिशेबच समोर नसला की सरकार दुसऱ्या राज्याचा आकडा पाहून आपला ठरवते.

महाराष्ट्रात त्या वेळी एक गोष्ट बरी झाली. तिथे दर ठरवायला समिती नेमली आणि दरांना पायऱ्या ठेवल्या. संकलन केंद्रावर गोळा केलेल्या नमुन्याला एक दर, रुग्णालयातून किंवा विलगीकरण केंद्रातून घेतलेल्याला दुसरा, घरी जाऊन घेतलेल्याला तिसरा. सीटी स्कॅनच्या बाबतीत तर मशीनच्या क्षमतेप्रमाणे दर लावले: १६ स्लाइसपर्यंत २,०००, १६ ते ६४ ला २,५००, त्यापुढे ३,०००. हे आकडे बरोबर होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण कामात फरक असेल तर दरात फरक हवा हे तत्त्व एका राज्य सरकारने लेखी मान्य केले, ही आपल्या उपयोगाची गोष्ट आहे.

आपल्या कामात हा फरक किती मोठा असतो ते एका साध्या चाचणीवरून पाहू. टीएसएचचे ९६ वेलचे एलायझा किट घ्या. प्लेट एका वेळी पूर्ण भरली तर सहा कॅलिब्रेटर दोनदा लावून १२ वेल जातात, कंट्रोलचे दोन धरले तर १४. उरलेल्या ८२ वेलमध्ये ८२ रुग्ण. पण वाघोडिया रोडवरच्या किंवा डभोईतल्या छोट्या लॅबकडे आठवड्याला दहाच नमुने आले, तर दर वेळी तेच १४ वेल खर्ची पडतात आणि १० रुग्णांसाठी २४ वेल लागतात. चार आठवड्यांत किट संपले, रिपोर्ट झाले ४०. किट तेच, किंमत तीच, एका रिपोर्टमागचा किटचा खर्च मात्र दुपटीहून अधिक. शिवाय त्या लॅबने कंट्रोल नीट लावला, निकाल मर्यादेबाहेर गेल्यावर रन पुन्हा केला, तर खर्च आणखी वाढतो. जी लॅब कंट्रोलच लावत नाही, तिचा वाढत नाही. सरसकट एकच कमी दर ठरला तर फायदा या शेवटच्या लॅबला होतो, आणि साखळी लॅबच्या कलेक्शन सेंटरला, जिथे नमुना संध्याकाळच्या गाडीने मुंबई-अहमदाबादला जातो. गावात बसून त्याच दिवशी रिपोर्ट देणारा पॅथॉलॉजिस्ट दोघांच्या मध्ये भरडला जातो.

म्हणून सीजीएचएसचे दर उचलून लावण्याची कल्पना आम्हांला धोक्याची वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारलेल्या त्या दरांत दुसऱ्या श्रेणीच्या शहरांना मूळ दरापेक्षा दहा टक्के कमी धरले आहे, आणि वडोदरा त्या श्रेणीत येते. रावपुऱ्यातले भाडे दादरपेक्षा कमी आहे हे खरे. पण रीएजंट, कंट्रोल, व्हॅक्यूटेनर आणि मशीनचे वार्षिक करार यांत वडोदऱ्याला कोण सूट देते? लॅबच्या खर्चातला मोठा वाटा याच गोष्टींचा असतो. मान्यता नसलेल्या संस्थांना पंधरा टक्के कमी, हा त्यातला दुसरा भाग मात्र आम्हांला मान्य आहे. गुणवत्तेला पैसे मोजले गेलेच पाहिजेत.

इथून पुढचे लिहिणे काही वाचकांना बोचेल. गुणवत्तेचे पैसे मागायचे तर रिपोर्टखालची सही खरी असली पाहिजे.

या प्रश्नावरची देशातली सर्वांत मोठी लढाई गुजरातमध्येच झाली. प्रयोगशाळा चालवणाऱ्या पॅरामेडिकल मालकांची संघटना आणि उत्तर गुजरातमधील पॅथॉलॉजिस्टांची संघटना यांच्या वादात गुजरात उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅथॉलॉजिस्टांच्या बाजूने निकाल दिला. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने, मेडिकल कौन्सिलच्या भूमिकेचा आधार घेऊन, रिपोर्टवर प्रतिस्वाक्षरी पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे सांगितले. आपण तेव्हा पेढे वाटले. त्यानंतर काय झाले ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच पॅथॉलॉजिस्टचे नाव अनेक लॅबच्या लेटरहेडवर येऊ लागले, त्यांतल्या काही त्याच्या घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर. स्कॅन केलेली सही सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली, स्लाइड त्याने पाहिलेली नाही, महिन्याचे पाकीट ठरलेले. महाराष्ट्रात अशा डॉक्टरांची नोंदणी मेडिकल कौन्सिलने काही काळासाठी निलंबित केल्याची उदाहरणे आहेत. जो हक्क आपण न्यायालयातून मिळवला, तो आपल्यातलेच काही जण भाड्याने देत आहेत. पॅथॉलॉजिस्टच्या सहीसाठी वेगळा दर का द्यायचा, असे उद्या दर ठरवणाऱ्या समितीत कुणी विचारले, तर या प्रथेपुढे आपल्याकडे उत्तर नसेल.

परवान्याचा अर्थ वडोदऱ्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने १९१५ मध्ये पुरोहितांसाठीसुद्धा कायदा केला होता. परीक्षा द्या, परवाना घ्या, मगच लग्न-मुंज लावा. मंत्राचा अर्थ यजमानाला समजावून सांगता आला पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता. भटजीच्या दक्षिणेआधी त्याची पात्रता तपासावी, असे ज्या राज्याला वाटले त्याच्या राजधानीत आपण व्यवसाय करतो.

टेक्निशियनांवर राग काढून काही साधणार नाही. छोटा उदेपूर, दाहोद, पलीकडे नंदुरबार-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात रात्री मलेरियाची स्लाइड पाहणारा, बाळंतिणीचे हिमोग्लोबिन करणारा माणूस बहुतेक वेळा डीएमएलटी झालेला असतो. पॅथॉलॉजिस्ट तिथे नाही, आणि लवकर जाईल असेही नाही. केंद्राने २०१८ मध्ये लॅबचे तीन स्तर ठरवले: मूलभूत, मध्यम आणि प्रगत. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांत बदल करून कोणत्या स्तरावर कुणाची पात्रता चालेल हेही सांगितले. एमएस्सी, पीएचडी झालेल्यांना वैद्यकीय अन्वयार्थ न लिहिता काही चाचण्यांच्या रिपोर्टवर सही करण्याची मुभा त्यात आहे. आपल्या अनेक सहकाऱ्यांना हा बदल खुपतो. आमचे मत वेगळे आहे. मोजक्या, प्राथमिक चाचण्या करणारा खालचा स्तर कायद्याने मान्य करावा, तिथल्या टेक्निशियनची २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली नोंदणी व्हावी, त्याने स्वतःच्या नावाने सही करावी, आणि त्यापुढचा प्रत्येक नमुना पॅथॉलॉजिस्टच्या लॅबमध्ये यावा. दूरच्या डॉक्टरच्या खोट्या सहीपेक्षा जवळच्या टेक्निशियनची खरी सही रुग्णाच्या हिताची आहे.

आणि कट. दरांवरची कोणतीही चर्चा याला वगळून होऊ शकत नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका डायग्नोस्टिक सेंटरकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि विषय देशभर गेला. २०१७ मध्ये महाराष्ट्राने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. त्याचा कायदा झाला नाही. २००२ च्या आचारसंहितेत कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, दरांचा फलक लावणेही त्याच संहितेत आहे. तरी शहरातल्या कुठल्याही लॅबमालकाला विचारा, रिपोर्टच्या रकमेतला किती भाग पाठवणाऱ्याकडे जातो. तो आकडा सांगेल, फक्त नाव सांगणार नाही. सरकारने दर कमी केले आणि कट तसाच राहिला, तर कपात कंट्रोलवर येईल, टेक्निशियनच्या पगारावर येईल, रिपीट रनवर येईल. उलट कट थांबला तर रुग्णाला आजच्यापेक्षा कमी पैशांत चाचणी मिळेल आणि लॅबही चालेल. दरनियमनाला विरोध करणारे काही सहकारी हा मुद्दा टाळतात, तेव्हा त्यांच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाते.

नागपूरच्या रुग्णालयांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून निकाल मिळवला. कोविड नसलेल्या रुग्णांसाठी खासगी रुग्णालयांचे दर ठरवण्याचा राज्य सरकारला अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल अनेक जण ढालीसारखा पुढे करतात. पण तो निकाल तेव्हाच्या कायद्यांवर आहे. विधानसभेने दर ठरवण्याचा अधिकार देणारे कलम केले की ती ढाल उरत नाही. तेव्हा कोर्टात जाण्याआधी समितीत जायचे, आणि रिकाम्या हाताने जायचे नाही.

यासाठी हे मासिक पुढचे काही अंक एक काम हाती घेत आहे. सीबीसी, फास्टिंग शुगर, क्रिएटिनिन, टीएसएच आणि डेंग्यू एनएस१ एलायझा, या पाच चाचण्यांचा तुमच्या लॅबमधला खरा खर्च आम्हांला कळवा. दर महिन्याची नमुन्यांची संख्या, किटची खरेदी किंमत, कॅलिब्रेटर आणि कंट्रोलवर गेलेले वेल किंवा रीएजंट, पुन्हा केलेल्या रनची संख्या, टेक्निशियनचा वेळ, भाडे आणि वीज यांचा वाटा, आणि शेवटी तुम्ही रुग्णाकडून प्रत्यक्ष किती घेता. कटची रक्कमही वेगळ्या ओळीत लिहा. नावे छापली जाणार नाहीत. वडोदरा, आणंद, भरूच, छोटा उदेपूर आणि नंदुरबार इथल्या छोट्या लॅबचे आकडे आम्हांला आधी हवे आहेत, कारण मोठ्या साखळ्यांचा हिशेब मांडणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. आलेला तक्ता आम्ही गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना पाठवू आणि इथे जसाच्या तसा छापू, आपल्याला गैरसोयीच्या आकड्यांसह.