शीघ्रपतन : लाज सोडा, उपचार घ्या

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरात उतरणारा माणूस ताप आला की दवाखाना गाठतो. शीघ्रपतनाचा त्रास असेल तर मात्र भिंतीवरच्या जाहिरातीतला फोन नंबर लावतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर मोकळेपणाने लिहिले. तरीही संकोच गेलेला नाही.

कधीतरी वीर्यपतन लवकर झाले, तर तो आजार नव्हे. पहिल्यापासून बहुतेक वेळा सुमारे एका मिनिटात, किंवा पूर्वी ठीक असताना आता तीन मिनिटांच्या आत पतन होणे, त्यावर ताबा न राहणे आणि त्याचा मनस्ताप होणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ते शीघ्रपतन. हस्तमैथुनाने किंवा ‘धातू गेल्याने’ ते होते, ही समजूत चुकीची आहे. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा त्याच्याशी संबंध आहे. नंतर उद्भवलेल्या त्रासामागे थायरॉइड, प्रोस्टेटची सूज, ताठरतेची अडचण किंवा मनावरचा ताणही असू शकतो. म्हणून आधी तपासणी हवी.

सेरोटोनिनचा परिणाम वाढवणाऱ्या औषधांनी पतन लांबते. डॅपॉक्सेटिन संबंधापूर्वी एक ते तीन तास घेतात. पॅरॉक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधे रोज घ्यावी लागतात. त्यांचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. बधिरता आणणारा स्प्रे किंवा मलमही उपयोगी पडते. जोडीला ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ हा सराव व समुपदेशन असले, तर फायदा अधिक.

ही औषधे मनाने घेऊ नयेत. डॅपॉक्सेटिनने मळमळ, चक्कर, क्वचित मूर्च्छा येते. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नैराश्याची औषधे चालू असणाऱ्यांनी ते घेऊ नये. मद्यासोबत तर मुळीच नको. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी कडक व्हायला हवी.

त्याचबरोबर सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात या तक्रारीसाठी आडोसा आणि न हसता ऐकणारा डॉक्टर मिळायला हवा. नवऱ्याने एकट्याने कुढत बसण्यापेक्षा बायकोला विश्वासात घेऊन दोघांनी मिळून जावे. या दुखण्यावर इलाज आहे.