बुलेट ट्रेनचे मोठेपण पुढच्या गाडीत

जपानची सहल आखणाऱ्या मराठी कुटुंबाच्या यादीत टोकियो ते क्योतो हा बुलेट ट्रेनचा प्रवास हमखास असतो, आणि त्याची तयारी आपल्या सवयीप्रमाणे महिनोन्‌महिने आधी सुरू होते. आरक्षण कधी उघडते, गाडी चुकली तर पैसे बुडतील का, सात दिवसांचा रेल्वे पास घेऊन ठेवावा का, या प्रश्नांनी घरातले सगळेच बेजार होतात. ही धास्ती खोटी नाही. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसायचे, वेटिंग लिस्ट सरकते का ते पाहायचे आणि शेवटी ‘तत्काळ’च्या भरवशावर राहायचे, हे आपल्याला आपल्या रेल्वेने शिकवले आहे. पण टोकियो-क्योतोचा प्रवास जगातल्या सर्वांत कमी आखणी लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या प्रवासांपैकी एक आहे. जपानच्या बुलेट ट्रेनचे, म्हणजे शिंकान्सेनचे, सर्वांत मोठे यश मला यातच दिसते. वेगाचा क्रमांक त्यानंतरचा.

आकडेच पाहू. 1 ऑक्टोबर 1964 रोजी टोकियोहून क्योतोमार्गे शिन-ओसाकाला जाणारा सुमारे 515 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तेव्हा तासाला एक जलद ‘हिकारी’ आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी एक ‘कोदामा’ सुटत असे. दोन्ही दिशांना मिळून दिवसाला 60 गाड्या होत्या आणि कमाल वेग ताशी 210 किलोमीटर होता. आज याच मार्गावर कमाल वेग ताशी 285 आहे, म्हणजे साठ वर्षांत एक तृतीयांशाहून किंचित अधिक वाढ. गाड्या मात्र रोज साडेतीनशेच्या वर गेल्या आहेत, जवळपास सहापट. ऐन गर्दीच्या तासाला एकट्या ‘नोझोमी’ या सर्वांत जलद गाडीच्या बारा फेऱ्या सुटू शकतात, शिवाय हिकारी आणि कोदामा वेगळ्या. विरार-चर्चगेटच्या प्रवाशाला ही व्यवस्था लगेच ओळखू येईल: धीमी गाडी स्थानकात बाजूच्या रुळावर थांबते, जलद गाडी शेजारून निघून जाते, आणि फलाटावर उभा असलेला माणूस वेळापत्रक पाहत नाही, पुढची गाडी पकडतो. नोझोमीला टोकियोहून शिन-ओसाकाला जायला साधारण अडीच तास लागतात. एवढ्या अंतराचा प्रवास लोकलसारखा करता येणे, हा खरा चमत्कार आहे.

हे नुसत्या शक्तिमान मोटारींनी झालेले नाही. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये शिनागावा स्थानक सुरू झाले, त्याच सुमारास जुन्या, कमी वेगाच्या गाड्या या मार्गावरून पूर्ण काढून टाकल्या गेल्या आणि सगळ्याच गाड्या ताशी 270 च्या झाल्या. एकच मंद गाडी मध्ये आली की मागच्या सगळ्यांना हळू व्हावे लागते. ती गेल्यावर तासाला जास्त नोझोमी सोडता आल्या. दुसरी बाब गाडीच्या आतली. या मार्गावरची प्रत्येक गाडी सोळा डब्यांची असते आणि प्रत्येकीत बरोबर 1,323 आसने असतात. कुठल्याही गाडीत बिघाड झाला तरी तिच्या जागी दुसरी उभी करता यावी आणि आरक्षण केलेल्या एकाही प्रवाशाची जागा हलू नये, यासाठी हा आग्रह आहे. लांब चोचीची, पश्चिमेकडच्या सान्यो मार्गावर पूर्वी ताशी 300 ने धावणारी 500 मालिकेची गाडी अनेक रेल्वेप्रेमींना सर्वांत देखणी वाटते. तिच्या आसनांची मांडणी इतरांशी जुळत नव्हती, आणि ऐनवेळी गाड्यांची अदलाबदल करताना ते अडचणीचे ठरे. 2010 मध्ये ती टोकियोच्या मार्गावरून गेली. देखणेपणापेक्षा प्रवाशाची खात्री मोलाची मानणारी ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते.

या खात्रीचा फायदा तिकिटाच्या नियमांतही दिसतो. आरक्षित जागेची नोझोमी चुकली तर साधारणपणे त्याच तिकिटावर त्याच दिवशीच्या नंतरच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात बसता येते. ऑनलाइन आरक्षण केले असेल तर गाडी सुटण्याआधी वेळ बदलण्याचे शुल्क पडत नाही. टोकियो-क्योतोचे भाडे साधारण 14,000 येन आहे. हंगामानुसार त्यात काहीशे येन इकडेतिकडे होतात, पण उद्याचे तिकीट आज काढले म्हणून दीडपट मोजावे लागत नाही. आपल्याकडे 2016 पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला लागू झालेल्या वाढत्या भाड्याने नेमके उलटे केले: उशिरा ठरवणाऱ्याला दंड. आजारी नातेवाइकाला भेटायला किंवा अचानक निघालेल्या कामासाठी जाणारा माणूस नेहमी उशिराच ठरवतो. त्याच्याकडून जास्त पैसे घेणारी गाडी कितीही वेगवान असली, तरी त्याच्या उपयोगाची नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे महाग आहे. आहेच. रात्रीची बस याहून बरीच स्वस्त पडते आणि आधी काढलेले विमानाचे तिकीटही कधी कधी कमी दरात मिळते. पण म्हणून पासच्या मागे लागू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 वरून 50,000 येनवर गेली. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन 28,000 च्या आसपास होतात. हिरोशिमापर्यंत जाऊन परतले तरी 40,000 च्या आसपास. तेव्हा दोन-तीन शहरांच्या सहलीत पास घेणे म्हणजे पदरचे पैसे घालवणे, आणि नोझोमीसाठी पासधारकालाही वेगळी रक्कम भरावी लागते. दुसरा आक्षेप सणासुदीचा. नववर्ष, एप्रिलअखेरचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टमधला ओबोन या दिवसांत नोझोमीचे सर्व डबे आरक्षित असतात, तेव्हा महिनाभर आधी आरक्षण उघडताच जागा घ्यायला हवी. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज 160 सेंटीमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी तर एरवीही ठरावीक आसन आधी राखावे लागते, आणि आपल्या मोठ्या बॅगांना हा नियम लागू पडू शकतो. आखणीची शक्ती इथे खर्च करावी. फुजी पर्वत पाहायचा असेल, तर टोकियोहून जाताना उजव्या बाजूची ‘ई’ खिडकी मागावी. एवढा हट्ट जरूर करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे श्रीमंत आणि दाट वस्तीच्या देशाला जमले, इतरांना कसे जमेल? दाट वस्तीचा मुद्दा खरा आहे. टोकियो, नागोया आणि ओसाका एका ओळीत नसते, तर इतक्या गाड्या भरल्या नसत्या. श्रीमंतीचा मुद्दा मात्र इतिहासाला धरून नाही. हा मार्ग बांधताना जपानने 1961 मध्ये जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला, आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो व मुख्य अभियंता हिदेओ शिमा हे दोघेही उद्‌घाटनाआधीच पदावरून गेले होते. तासाला दोन गाड्यांपासून आजच्या संख्येपर्यंत पोचायला देशाला अनेक दशके लागली. म्हणजे ही व्यवस्था एका दिवसात विकत घेता येत नाही, पण तिची दिशा पहिल्या दिवसापासून ठरवता येते.

आपल्यासाठी हा प्रश्न आता पर्यटनापुरता उरलेला नाही. मुंबई-अहमदाबादचा 508 किलोमीटरचा मार्ग जपानी कर्जातून आणि शिंकान्सेनच्या तंत्रावर उभा राहतो आहे, आणि त्याची लांबी जवळपास टोकियो-शिन-ओसाका एवढीच आहे. त्यावरची आपली चर्चा मात्र ताशी 320 किलोमीटर या आकड्याभोवतीच फिरते, स्थानकापर्यंत पोचायचे कसे हा प्रश्न मागे राहतो. ठाण्याचे बुलेट स्थानक म्हातार्डीला होते आहे, जुन्या ठाणे स्थानकापासून दूर. जपाननेही शिन-ओसाका जुन्या ओसाका स्थानकापासून बाजूला बांधले, पण 1964 मध्येच तिथे भुयारी रेल्वे आणून ठेवली. म्हणून महाराष्ट्रातल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की पहिली गाडी धावण्याआधी त्यांनी तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: तासाला किती गाड्या सुटणार, म्हातार्डी, विरार आणि बोईसरच्या स्थानकांपर्यंत लोकांना नेणारी वाहने उद्‌घाटनाच्या दिवशी तयार असणार का, आणि गाडी चुकलेल्या प्रवाशाला त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसू देणार का.