शेवटचं कडवं कुणी खाल्लं?



सरळ मुद्द्यावर येतो. वामनदादा कर्डकांचं गाणं आज सगळीकडं वाजतंय आणि वामनदादांचं नाव कुठंच ऐकू येत नाही. हे आपोआप झालेलं नाही. हे कापलं गेलंय. कापणाऱ्यांत ते आहेत, आणि आपणही आहोत. म्हणून हा लेख. कुणाला झोंबला तर झोंबू दे.

मी भंडारदऱ्याचा. मे सरता सरता आमच्याकडं काजवे येतात. झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते बघायला मुंबई-पुण्याची, नाशकाची माणसं गाड्या भरभरून येतात. धरणाच्या काठानं तंबूंची रांग लागते. त्या दिवसांत मी एका तंबूवाल्याकडं स्वयंपाकाला असतो. पिठलं, भाकरी, ठेचा. ह्या लोकांना आमची गरिबी ताटात फार आवडते.

एका रात्री जेवणं उरकत आली आणि स्पीकर लागला. चारपाच गाणी झाली आणि एकदम ओळखीचा मुखडा आला. देशातल्या धनवंतांना नावानिशी हाक मारून आपल्या हिश्श्याचा हिशेब मागणारं दादांचं गाणं. मी तव्यासमोर ताठ झालो. खाली धडधड बीट, वर दादांचे शब्द. पोरंपोरी काय नाचत होती! मला राग आला नाही, खरं सांगतो. छाती फुगली. मी शेवटच्या कडव्याची वाट बघत राहिलो.

ते आलंच नाही. मुखडा, धडधड. पुन्हा मुखडा, पुन्हा धडधड. पाचसहा वेळा तेच, आणि दुसरं गाणं लागलं.

स्पीकरवाल्या पोराला विचारलं, "बाळा, हे गाणं कुणाचं रे?"

म्हणला, "काका, लोकगीत आहे ना ते. ट्रॅडिशनल."

माझी भाकरी करपली.

आता हे "लोकगीत" म्हणजे काय ते नीट बघू. लोकगीत म्हणजे जे कुणी लिहिलं ते ठाऊक नाही असं गाणं. वामनदादा कुणाला ठाऊक नाहीत? १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मले. गाव देशवंडी, तालुका सिन्नर. आमच्या अकोल्याच्या उत्तरेला लागून सिन्नर. म्हणजे हा माणूस आमच्या शेजारचा. १५ मे २००४ ला नाशकात गेले. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही पुस्तकं छापलेली आहेत. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या सिनेमात त्यांचं गाणं आहे. त्या सिनेमातली माडगूळकरांची लावणी सगळ्या महाराष्ट्राला कवीच्या नावासकट आठवते. हंसा वाडकर आठवतात, वसंत पवार आठवतात. वामन तेवढा आठवत नाही. इतका ठावठिकाणा असलेला माणूस "ट्रॅडिशनल" कसा होतो?

दादांना तरुणपणापर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. मुंबईत कुणी तरी पत्र वाचायला पुढं केलं आणि ह्यांना वाचता येईना. ती लाज त्यांना खाऊन गेली. मग देहलवी गुरुजींकडं बाराखडी गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्यानं फिरले. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, आणि तिथून मरेपर्यंत गावोगाव, वस्तीवस्ती, जयंतीजयंती. बिदागी मिळाली तर मिळाली, नाही तर भाकर आणि परतीचं भाडं.

आणि बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ह्या माणसानं आपलं नाव घातलं. वामन. हौस म्हणून नाही. ज्याच्या बापजाद्याला आपलं नाव लिहिता येत नव्हतं, त्यानं ते शिकून गाण्यात कोरलं. त्याला पक्कं ठाऊक होतं की आपलं नाव दुसरा कुणी दगडावर कोरणार नाही.

दगडाचं आम्हाला सांगू नका. आमच्या उशाला धरण आहे. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं. उद्‌घाटनाला गव्हर्नर लेस्ली विल्सन. म्हणून धरण विल्सनचं आणि तळं आर्थरचं. सोळा वर्षं दगड फोडणाऱ्याचं, चुना मळणाऱ्याचं, डोक्यावर पाट्या वाहणारीचं नाव कुठंय? ह्या धरणाचं पाणी प्रवरेनं खाली जातं, ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यात वळतं, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या पट्ट्यात ऊस होतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना त्याच पाण्यावर. आणि वरच्या वाड्यापाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन उतरतात. दादांच्या गाण्याचं तेच झालंय. उगम आमच्यात, ऊस दुसऱ्याचा.

कुणी शहाणा म्हणेल, "अहो, गाणं लोकांच्या तोंडी बसलं हाच कवीचा मोठा सन्मान. नावाचं काय एवढं?"

ह्या शहाण्याला मी विचारतो : तुकोबा लोकांच्या तोंडी बसले नाहीत काय? तरी अभंग म्हणताना "तुका म्हणे" कुणी गाळतं का? गाळून बघ. देवळातल्या देवळात तुला झोडतील. चोखोबाला पायरीच्या आत घेतलं नाही, पण "चोखा म्हणे" अभंगातून कुणाला काढता आलं नाही. त्या दोन शब्दांच्या आधारावर तो साडेसहाशेहून जास्त वर्षं उभा आहे. लावणीतही तसंच. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. त्यांच्या लावणीच्या शेवटी त्यांची छाप असते, ती अजून मानानं गायली जाते. आणि ज्या पवळानं गळा आणि पाय देऊन त्या लावण्या गाजवल्या, ती आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरगावची, महाराची लेक. तिची छाप नाही. कारण लेखणी तिच्या हातात नव्हती. लेखणी हातात आली तेव्हा वामननं पहिलं काम हे केलं की छाप आपली मारली. आणि तुम्ही नेमकी तीच कापता? वरून म्हणता, नावाचं काय एवढं?

नाव ज्यांना जन्मताच मिळतं त्यांना नावाचं काही वाटत नाही.

आता आजच्या गाण्याकडं या. पेपरवाले लिहितात की रॅप अमेरिकेतून आलं, काळ्या पोरांनी आणलं. त्यात गाणारा स्वतःचं नाव घेतो, आपली गल्ली सांगतो, समोरच्याला सवाल टाकतो. बरोबर आहे, ती त्यांची कमाई आहे, आपला त्यांना सलाम. पण इथली वस्तीतली पोरं जेव्हा रॅप करतात तेव्हा त्यांच्या कानात फक्त अमेरिका नसते. लहानपणापासून १४ एप्रिलच्या मंडपात ऐकलेलं असतं. बोलीतला मुखडा, जो एकदा ऐकला की मागची रांग उचलते. प्रवचन न देता विचारलेला रोकडा सवाल. चालू काळातली, सगळ्यांच्या ओठावरची चाल. आणि शेवटी स्वतःचं नाव. हा सगळा साचा आपल्या जलशांनी आणि गायनपार्ट्यांनी घडवला, आणि दादांनी तो घरोघर पोचवला. प्रल्हाद शिंद्यांच्या घरात आनंद-मिलिंद, आणि आता आदर्श, अशा तीन पिढ्या भीमगीत आणि बाजारातलं गाणं दोन्ही एकाच गळ्यानं गातात. कडूबाई खरात एकतारी घेऊन मोबाईलवरून घराघरांत गेल्या. संभाजी भगत, शीतल साठे ह्यांनी सवाल जिवंत ठेवला. ह्यातलं कुणी दादांची नक्कल करत नाही. पण वाट कुणी पाडली हे विसरून चालायचं नाही.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. तमिळनाडूत अरिवू नावाचा पोरगा. २०२१ साली त्याचं 'एन्जॉय एन्जामी' जगभर वाजलं. गाण्यात त्याची आजी, चहाच्या मळ्यात राबलेली. त्याच साली एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका आली, अरिवू आला नाही. पुढच्या साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनात ते गाणं झालं, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. तो जिवंत आहे, तरुण आहे, म्हणून बोलू शकला. वामनदादांच्या वतीनं कोण बोलणार?

इथं मला आपल्या माणसांकडं वळायचंय.

जयंतीच्या मिरवणुकीत डीजे कोण लावतं? आपणच. माझा डीजेला विरोध नाही. नाच आपला आहे, हलगी आपली आहे, ताल आपल्या कातड्यातून निघालाय. "डीजे नको, संस्कृती बिघडते" म्हणणारे पांढरपेशे भीमसैनिक मला ठाऊक आहेत. ते पोरांच्या घामाला नाक मुरडतात. मी त्यांच्यातला नाही. पण मिरवणुकीत दादांचा मुखडा दहा वेळा वाजतो आणि कडवं एकदाही नाही, हे आपल्या अंगणात होतंय. पुढाऱ्यांना अशी गाणी अर्धी परवडतात. दादांनी भीमाचं नाव घेऊन दुकान मांडणाऱ्यांना भर सभेत सुनावलंय. मुखड्यात जयजयकार असतो, कडव्यात जाब असतो. मुखड्यावर पुढारी टाळ्या वाजवतो, कडव्यावर त्याला खाली बघावं लागतं. म्हणून कडवं गेलेलं त्याला बरंच.

हे नीट ध्यानात घ्या. कडव्याबरोबर नुसतं नाव जात नाही. सवाल जातो. उरतो तो ठेका.

माझा बाप गायनपार्टीत होता. पेटी, ढोलकी, झांज, दोन कोरसवाले, एवढाच संसार. गाणी एका वहीत उतरवलेली, तेलाचे डाग पडलेली. शेवटचं कडवं आलं की बाप हात वर करायचा. ढोलकी थांबायची. बिनवाद्याची ती ओळ, त्यात वामनचं नाव. मग पुन्हा थाप. मी विचारलं होतं, का थांबवता? बाप म्हणला, "आरं, ज्याचं खातोय त्याचं नाव घेताना तोंडात दुसरं काय नको."

दोन अक्षरं न शिकलेल्या माणसाला जे कळलं ते लाखाची साउंड सिस्टीम लावणाऱ्याला कळत नाही?

आता एक जण म्हणेल, "तुमच्या गायनपार्ट्यांनीसुद्धा सिनेमाच्या चाली उचलल्याच की." उचलल्या. उघड उचलल्या. चाल कुणाची ते ऐकणाऱ्या पोराटोरालाही ठाऊक असायचं. आम्ही बाजारातलं पोतं घेतलं आणि त्यात आमचं धान्य भरून वस्तीत नेलं. तुम्ही धान्य सांडता आणि पोतं मिरवता. दोन्ही सारखं कसं?

ज्यांना भावनेची भाषा समजत नाही त्यांच्यासाठी कायद्याची बोलतो. आपल्या देशात कवी गेल्यावर पुढची ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. दादा २००४ ला गेले. म्हणजे २०६४ साल सरेपर्यंत हे "ट्रॅडिशनल" होऊ शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क विकला तरी कर्तेपण कवीचंच राहतं. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आणखी पक्का केला. घटना लिहिणाऱ्याची आपण लेकरं. कायद्याचं कलम आपल्याच गाण्याला लावायला आपण का लाजतो?

तर माझं मागणं एवढंच आहे.

डीजेवाल्या पोरांनो, गाणं पुरं वाजवा. शेवटच्या कडव्याला बीट थांबवा. मोबाईलवर चढवताना खाली लिहा : गीत, वामनदादा कर्डक. जयंती मंडळांनो, सुपारी देताना ही अट घाला. रॅपवाल्या पोरांनो, तुम्ही दादांची ओळ घेतली तर दादांचं नावही घ्या. तुमच्या नावाशेजारी ते शोभेल. आणि लिहिणाऱ्या मित्रांनो, मराठी कवितेच्या इतिहासात दादांना शेवटच्या बाकावर बसवणाऱ्या प्राध्यापकांशी भांडत बसण्याआधी आपापल्या घरातल्या गाण्यांच्या वह्या शोधा. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, बापाच्या गाठोड्यात असतील. त्यातली शेवटची कडवी उतरवून काढा. वाळवीला आपली वाट बघायला लावू नका.

त्या रात्री मी काय केलं ते सांगून थांबतो. दुसऱ्या खेपेला तेच गाणं लागलं. मी हात धुतले, स्पीकरपाशी गेलो आणि पोराला म्हणलो, "बाळा, एक मिनिट बंद कर." त्यानं केलं, पोरगा भला होता. मी शेवटचं कडवं म्हणलं. माझा आवाज फाटलेला, धुरानं बसलेला. पंधरावीस माणसं बघत होती. कुणी हसलं, कुणी मोबाईल वर धरला. म्हणून झाल्यावर एक पोरगी पुढं आली आणि म्हणली, "काका, हा वामन कोण?"

मला हाच सवाल पाहिजे होता. तो आता तुमच्याही मंडपात उठू द्या.

जयभीम.