तान्ह्या बाळाच्या लघवीचा नमुना

तान्ह्या बाळाला ताप येतो. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. अशा तापामागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. जळजळ होते हे बाळ सांगू शकत नाही, म्हणून निदान लघवीच्या तपासणीवरच अवलंबून राहते. मनीषनगरात आई-वडील नोकरीवर आणि नातवंड आजी-आजोबांपाशी, अशी घरे पुष्कळ आहेत. तेव्हा हे आपणा ज्येष्ठांसाठीच.

लंगोट पिळून आणलेली लघवी निरुपयोगी असते. चिकटपिशवीतल्या नमुन्यातही त्वचेवरचे व शौचातले जंतू मिसळतात. कल्चरमध्ये तेच वाढतात आणि नसलेल्या आजारासाठी बाळाला अँटिबायोटिक दिले जाते.

सुई-नळीविना स्वच्छ नमुना मिळविण्याची एक पद्धत स्पेनमधील डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. ८० नवजात बालकांपैकी सुमारे ८६ टक्क्यांमध्ये ती यशस्वी झाली. मोठ्या बाळांत यश कमी मिळते. आधी बाळाला पाजावे. साधारण पंचवीस मिनिटांनी लघवीची जागा साबण व कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. एकाने बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवावेत. दुसऱ्याने ओटीपोटावर बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलके, भरभर थोपटावे. मग कमरेपाशी मणक्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिनिट अलगद चोळावे. धार येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. निर्जंतुक डबी उघडून हाताशी ठेवावी. पहिले थेंब सोडून मधली धार धरावी. डबीच्या आतल्या बाजूस बोट वा बाळाची त्वचा लागू देऊ नये. पायांवर बाळ धरून ‘शूऽऽ’ करणाऱ्या आजींना यात अवघड असे काही नाही. तरी पहिल्या वेळी परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. घरात उरलेले अँटिबायोटिक मनाने देऊ नये. त्याने कल्चर खोटे स्वच्छ दिसते आणि दबून राहिलेला संसर्ग मूत्रपिंडावर कायमचा व्रण ठेवू शकतो.

मात्र बाळ तीन महिन्यांहून लहान असून ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, किंवा कोणत्याही वयाचे बाळ मलूल पडले, दूध ओढेनासे झाले, तर घरी नमुन्याची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टरांनी नळीने लघवी घ्यायची ठरविली, तर आजी-आजोबांनी विरोध करू नये. त्या वेळी तोच विश्वासार्ह मार्ग असतो.