नऊ महिने आणि नऊ वर्षं

"टॅलेंट असलं की माणूस वर येतोच, कोणाचा बाप अडवू शकत नाही." हे वाक्य खेळाच्या बाबतीत तर आपण डोळे झाकून बोलतो. ऑफिसात वशिला चालतो, सिनेमात आडनाव चालतं, पण मैदानात? तिथे गोल म्हणजे गोल. म्हणून आज मुद्दाम खेळातलंच उदाहरण घेतोय, आणि तेही आपल्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही अशा खेळातलं. आइस हॉकी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माणसाचं नाव टेड नोलन. जन्म १९५८, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, गार्डन रिव्हर नावाच्या मूलनिवासी वस्तीत. जमात ओजिब्वे. घरात बारा भावंडं. वीज नाही, नळ नाही. हातपंपाचं पाणी बादल्यांनी आणून अंगणात ओतायचं, रात्रीत त्याचा बर्फ झाला की त्यावर खेळायचं. हा चौदा वर्षांचा असताना वडील गेले. सोळाव्या वर्षी हॉकीसाठी घर सोडून केनोरा नावाच्या गावी गेला. तिथे वंशावरून जो छळ झाला त्याबद्दल तो पुढे बऱ्याच वेळा बोललाय. तरीही टिकला. पुढे सू सेंट मेरी या गावच्या ग्रेहाउंड्स संघात आला, तिथे १९७७-७८ च्या हंगामात त्याचा एक सहकारी होता वेन ग्रेट्झ्की. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे सचिन, तसा तिकडे ग्रेट्झ्की.

नोलन काही ग्रेट्झ्की नव्हता. १९७८ साली डेट्रॉइटने त्याला निवडलं, निवडीत क्रमांक ७८ वा, आणि एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च लीगमध्ये, तो एकूण खेळला सामने ७८. (आकड्यांचा नाद असलेल्यांनी यातून काय काढायचं ते काढावं.) गोल सहा. मग पाठीचं दुखणं आणि तिशीच्या आत खेळ बंद. या दरम्यान, १९८१ साली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाने त्याच्या आईला उडवलं. ती गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरा नोलन दिसला तो बाकामागे उभा राहिल्यावर. १९८८ मध्ये त्याच जुन्या ग्रेहाउंड्सचा तो प्रशिक्षक झाला. कॅनडातल्या ज्युनियर हॉकीतली सगळ्यात मोठी स्पर्धा मेमोरियल कप. त्या स्पर्धेत त्याने संघाला १९९१, ९२ आणि ९३ अशी सलग तीन वर्षं नेलं आणि तिसऱ्या खेपेला कप घरी आणला. तिथून एनएचएलमध्ये आधी सहायक, आणि १९९५ मध्ये बफेलो सेबर्सचा मुख्य प्रशिक्षक.

बफेलोचा तो संघ काही ताऱ्यांचा नव्हता. डॉमिनिक हाशेक नावाचा एक अफाट गोलकीपर, बाकी बहुतेक मजूर माणसं. पण मजूर असे की त्या संघाला हॉकीतला सगळ्यात कष्टाळू संघ म्हणूनच ओळखायला लागले. १९९६-९७ मध्ये त्यांनी आपला गट जिंकला, आणि नोलनला जॅक अ‍ॅडम्स पुरस्कार मिळाला, म्हणजे लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक. वय ३९.

आणि त्याच उन्हाळ्यात तो बेकार झाला.

झालं असं की जनरल मॅनेजर जॉन मकलर आणि नोलन यांचं हाडवैर होतं. अख्ख्या शहराला माहीत होतं. मालकांनी आधी मकलरला काढलं. गंमत बघा, त्यालाही त्याच वर्षी एका मोठ्या क्रीडा नियतकालिकाने सर्वोत्तम व्यवस्थापक ठरवलं होतं. म्हणजे दोघेही आपापल्या कामात अव्वल आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवत नाही. त्यात हाशेकने जाहीरपणे सांगितलं की हा प्रशिक्षक परत आलेला मला नको. नव्या मॅनेजरने, डार्सी रेगिअरने, नोलनपुढे एका वर्षाचा करार ठेवला. लीगमधल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला एक वर्ष! त्याने नाही म्हटलं. करार तिथेच मिटला.

आता पुढचा हिशोब नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे.

मकलरला मे १९९७ मध्ये काढलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सचा मुख्य प्रशिक्षक होता. नऊ महिने. पुढे ओटावा संघाचा जनरल मॅनेजरही झाला.

नोलन एनएचएलच्या बाकामागे परत दिसला २००६ साली. नऊ वर्षं.

भांडण एकच. संघ एक, वर्ष एक, शहर एक. टाळी दोन हातांनी वाजली होती असं धरून चालू. मग एका हाताला नऊ महिन्यांची शिक्षा आणि दुसऱ्याला नऊ वर्षांची, हे कसं?

मला माहितीये आता कमेंटमध्ये काय येणार. "त्याने स्वतःच करार नाकारला." नाकारला, खरंय. पण करार नाकारणं हा काय गुन्हा आहे? खेळात रोज कोणी ना कोणी करार नाकारतो आणि त्याला त्याचे चाहते स्वाभिमानी म्हणतात. "त्याच्याशिवाय बफेलोचं काय अडलं?" काहीच अडलं नाही, हेही खरं. त्याच्या जागी आलेल्या लिंडी रफने दोन वर्षांत संघ अंतिम फेरीत नेला आणि २०१३ पर्यंत टिकला. रफ चांगलाच प्रशिक्षक. पण प्रश्न बफेलोचा नाहीच. लीगमध्ये तेव्हा २६ संघ होते, २००० पर्यंत ३० झाले. प्रशिक्षक तर तिकडे पावसाळी चपलांसारखे बदलतात. नऊ वर्षांत किती खुर्च्या रिकाम्या झाल्या असतील याचा अंदाज करा.

"वर्णद्वेष म्हणताय, तर पुरावा कुठाय?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला सरळ उत्तर देतो. पुरावा नाही. कोणी कागदावर लिहून ठेवलं नाही की हा मूलनिवासी आहे, याला घेऊ नका. असं कोणी कुठेच लिहीत नाही. ही नोकरी जाहिरात देऊन भरत नाहीत. परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही, मुलाखतीला कोणाला बोलावलं याची यादी बाहेर येत नाही. चार माणसं फोनवर बोलतात. "अरे तो नोलन कसा आहे रे?" पलीकडून उत्तर येतं, "प्रशिक्षक बरा आहे, पण..." बस. त्या "पण"ला सही लागत नाही, तारीख लागत नाही, आणि तो खोडूनही काढता येत नाही, कारण ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर तो कधी धड पोचतच नाही.

नोलनच्या "पण"मध्ये काय काय होतं? एक म्हणजे तो जीएम-किलर आहे, मॅनेजरचा काटा काढतो. दुसरं, तो नुसता जोश भरणारा माणूस आहे, डावपेच त्याला कळत नाहीत. (तीन मेमोरियल कप वाऱ्या आणि एक गटविजेतेपद बहुतेक भाषणं ठोकून मिळालं असावं.) आणि तिसरं, जे नेहमी हळू आवाजात बोललं गेलं: दारू. तो पितो, म्हणून सरावाला उशिरा येतो. ज्याच्या आईचा जीव दारुड्याच्या गाडीने घेतला त्या माणसाबद्दल हे. कॅनडात मूलनिवासी माणसाबद्दल पहिला संशय दारूचाच घेतात, तो साचा तयारच असतो. त्यामुळे अफवा पसरवणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत, ऐकणारा उरलेलं स्वतःच भरतो.

मला इथेच सगळ्यात जास्त भीती वाटते. या साखळीतला एकेक माणूस कदाचित सज्जन असेल. फोन करणारा सज्जन, उत्तर देणारा सज्जन, "जाऊ दे, उगाच डोक्याला ताप कशाला" म्हणणारा मालकही सज्जन. कोणीच द्वेष केला नाही, आणि तरी माणूस नऊ वर्षं बाहेर. "योग्य उमेदवार मिळाला नाही" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी आयुष्यात ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको.

उघडा द्वेषही होता, नव्हता असं नाही. २००५ मध्ये नोलन ज्युनियर लीगमध्ये परत आला, मॉन्क्टन संघाकडे. क्युबेकमधल्या शिकूतिमी गावच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या वंशावरून शेरेबाजी केली, सिनेमातल्या रेड इंडियनसारखे चीत्कार काढले. नंतर यजमान क्लबने माफी मागितली. आता बघा, या प्रकाराला निदान माफी तरी मिळते. तो आवाज कॅमेऱ्यात येतो, बातमी होते, चार लोक निषेध करतात. फोनवरच्या "पण"साठी आजपर्यंत कोणी माफी मागितल्याचं ऐकलंय का?

मग त्याला शेवटी काम दिलं कोणी? हा भाग मला फार बोलका वाटतो.

२००६ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला घेतलं. मालक चार्ल्स वांग, जन्म शांघायचा, पैसा सॉफ्टवेअरमधला. हॉकीच्या गोटातला नाही, आणि त्या गोटाने त्याची भरपूर टवाळीही केली. थोडी टवाळी त्याने कमावलीही होती. नव्या मॅनेजरला चाळीसेक दिवसांत काढून आपल्याच संघाच्या राखीव गोलकीपरला थेट मॅनेजर केलेला माणूस तो. पण नोलनला घेतलं त्यानेच, आणि पहिल्याच वर्षी, हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, संघ प्लेऑफमध्ये गेला. पुढच्या वर्षी घसरला, आणि २००८ मध्ये नोलनला काढलं.

मग २०११ मध्ये लाटव्हिया देशाने त्याला राष्ट्रीय संघ दिला. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये या चिमुकल्या देशाने स्वित्झर्लंडला हरवलं आणि उपांत्यपूर्व सामन्यात समोर आला कॅनडा. लाटव्हियाच्या क्रिस्टर्स गुदलेव्स्किस या पोरगेल्या गोलकीपरवर कॅनडाने ५७ फटके मारले, त्याने ५५ अडवले. कॅनडा कसाबसा २-१ ने जिंकला आणि पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. नोलनला ज्या देशाने इतकी वर्षं घरी बसवलं होतं, त्याच देशाचा घाम काढून तो परतला. सामना मिळाला तर जरूर बघा.

आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलोने त्याला परत बोलावलं होतं. बोलावणारा पॅट लाफाँटेन, जो नव्वदच्या दशकात तिथेच नोलनच्या हाताखाली खेळला होता.

म्हणजे एक जण गोटाबाहेरचा, एक परका देश, आणि एक असा की ज्याने याचं काम स्वतः रोज बघितलेलं. तिघांनाही फोन करून "कसा आहे रे?" विचारायची गरज नव्हती. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं.

बफेलोची दुसरी खेप मात्र वाईट झाली. लाफाँटेन काही महिन्यांतच गेला. २०१४-१५ मध्ये संघाची अवस्था अशी की तळाला राहणं हेच फायद्याचं, कारण पुढच्या निवडीत कॉनर मॅकडेव्हिड नावाचा हिरा होता. चांगले खेळाडू विकले गेले. मार्चमध्ये एका सामन्यात पाहुण्या ॲरिझोना संघाने जादा वेळेत विजयी गोल केला आणि बफेलोच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला! ८२ पैकी फक्त २३ विजय, लीगमध्ये शेवटून पहिला नंबर. एप्रिलमध्ये नोलनला काढलं. मॅकडेव्हिडही बफेलोला मिळाला नाही, सोडतीत एडमंटनला गेला. ज्याला संघ जिंकवता येतो म्हणून पुरस्कार मिळाला होता, त्याच्या हाती शेवटी हरण्यासाठी बांधलेला संघ आला, आणि नोंद काय राहिली? नोलनचा २३ विजयांचा हंगाम.

कोणी म्हणेल, आता काळ बदललाय, २०१९ मध्ये क्री वंशाच्या क्रेग बेरुबीने प्रशिक्षक म्हणून सेंट लुईसला स्टॅनली कप जिंकून दिलाच की. दिला, आणि झकास दिला. जानेवारीत तो संघ अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. पण बेरुबी एनएचएलमध्ये हजारावर सामने खेळलेला, गोटाच्या आतला माणूस. त्याच्याबद्दल विचारणारा फोन त्याच्या मित्रालाच जायचा. ७८ सामनेवाल्याला ती सोय नसते.

अमेरिकन फुटबॉलने २००३ मध्ये नियम केला की मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या निदान एका उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. त्यावर पुष्कळ टीका झाली, नावापुरत्या मुलाखती होतात म्हणून २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने कोर्टात दावाही लावला. तरी मला तो नियम नसण्यापेक्षा असलेला बरा वाटतो, आणि कारण अगदी साधं आहे. फ्लोरेसकडे कोर्टात दाखवायला मुलाखतीची तारीख होती. नोलनकडे काहीच नव्हतं.

सध्या तो आपल्या दोन्ही मुलांबरोबर, ब्रँडन आणि जॉर्डनबरोबर, मूलनिवासी वस्त्यांमधल्या पोरांसाठी हॉकीची शिबिरं चालवतो. दोघेही मुलगे एनएचएल खेळलेले. आईच्या नावाने मूलनिवासी मुलींसाठी शिष्यवृत्तीही आहे. २०२३ मध्ये त्याचं आत्मकथन आलं, ‘लाइफ इन टू वर्ल्ड्स’. मराठीत कोणी करणार असेल तर सांगा, पहिली प्रत माझी.